गुडघ्याचं मलम आणि फिल्टरमधला निळा दिवा

वर्षातून एकदा आमच्या पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करायला एक मुलगा येतो. झाकण उघडतो, स्टीलच्या नळकांड्यातून काचेची बारीक नळी बाहेर काढतो आणि ठरलेलं वाक्य म्हणतो, "यूव्ही बदलावा लागेल." गेल्या खेपेला शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. नद्यांच्या पाण्यात औषधं सापडतात, असं त्यांनी सकाळीच कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी त्याला अडवलंच. "काय रे, हा दिवा पाण्यातली औषधंपण मारतो का?"

मुलगा जरा बिचकला. "जंतू मारतो, काकू. औषधांचं आम्हाला काही सांगितलेलं नाही."

उत्तर प्रामाणिक होतं, पण काकूंचा प्रश्न वाटला त्यापेक्षा चांगला होता. कारण जगात अशी जलशुद्धीकरण केंद्रं खरोखर आहेत, जिथं याच जातीच्या प्रकाशानं औषधांचे आणि कीटकनाशकांचे रेणू तोडतात. प्रकाश तोच, मग तिथं जमतं ते आमच्या ओट्यावर का जमत नाही? आणि तिथं तरी कितपत जमतं?

औषध पाण्यात जातं कुठून

काकूंच्या गुडघ्यापासूनच सुरुवात करू. त्या रोज रात्री दुखऱ्या गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चोळतात. कातडीतून शरीरात जातो तो त्यातला साधारण ६ टक्के भाग. उरलेलं जेल तळव्याला, साडीला, चादरीला लागतं. हात धुतले की बेसिनमध्ये, अंघोळ केली की मोरीत, कपडे धुतले की मशीनच्या पाइपात.

गोळ्यांचंही तेच. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही. काम करून जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचा जवळजवळ निम्मा भाग तसाच निघून जातो. म्हणजे कुणी काही चुकीचं केलेलं नसतं. लोक फक्त डॉक्टरांनी सांगितलेली औषधं घेत असतात.

पुढं सांडपाणी केंद्रात जे होतं, ते मुळात जिवाणूंना घातलेलं जेवण असतं. हवा सोडायची, आणि मैल्यातला खाण्याजोगा भाग जिवाणूंनी खाऊन टाकायचा. पण औषधं खाण्याजोगी नसतात. पोटातल्या आम्लात टिकावं, यकृतानं लगेच फस्त करू नये, अशाच बेतानं ती घडवलेली असतात. फिटांवर दिलं जाणारं कार्बामाझेपिन तर या केंद्रातून इतकं निर्धास्त पार होतं, की एखाद्या ओढ्यात सांडपाणी मिसळतंय का हे ओळखायला शास्त्रज्ञ त्याचाच माग काढतात. २०२२ साली १०४ देशांतल्या नद्यांची १,०५२ ठिकाणी तपासणी झाली. सगळ्यात जास्त वेळा सापडलेल्या तीन पदार्थांत कार्बामाझेपिन आणि मेटफॉर्मिन होतं. तिसरं कॅफीन, म्हणजे आपला चहा-कॉफीच. एक चतुर्थांशाहून जास्त ठिकाणी निदान एक तरी औषध पाण्यातल्या जिवांसाठी सुरक्षित मानलेल्या पातळीच्या वर होतं.

प्रमाण किती, याचाही अंदाज घेऊ. ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची एकच गोळी विरघळवली, तर प्रत्येक लिटरमध्ये २० नॅनोग्रॅम औषध येईल. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नद्यांबद्दल बोलतात ते आकडे असे, दहा-वीस नॅनोग्रॅमपासून काही हजारांपर्यंत. त्या तलावातून ती एक गोळी परत शोधून तोडायची, हे आपल्यापुढचं काम आहे.

उन्हात साडी विटते, तेच

प्रकाशानं रेणू तुटतो हे ऐकायला नवलाचं वाटतं, पण घरोघरी ते रोज घडतं. रंगीत साडी गच्चीवर कडक उन्हात वाळत घातली की चार-सहा महिन्यांत विटते. रंगाचे रेणू प्रकाशानं तुटतात, तुटलेल्या रेणूला पहिल्यासारखा रंग राहत नाही. म्हणून तर आजी "उलटी करून सावलीत घाल" म्हणायची. खोकल्याच्या औषधाची बाटली तपकिरी का असते आणि कित्येक औषधांवर "प्रकाशापासून दूर ठेवा" असं का लिहितात, त्याचंही कारण तेच.

डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या रंगाच्या पलीकडचा, जास्त ऊर्जेचा प्रकाश म्हणजे अतिनील किरण, फिल्टरवाल्याच्या भाषेत यूव्ही. आपल्याला दिवा निळा दिसतो, पण त्याचं खरं काम आपल्याला न दिसणारा प्रकाश करतो. त्या प्रकाशाची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर असते. त्याच्या एकेका कणात कार्बन-कार्बनची साधी जोडणी तोडायला पुरून उरेल इतकी ऊर्जा असते. मग प्रत्येक रेणू तुटायलाच हवा. तसं होत नाही, आणि सगळी मेख इथं आहे.

सतारीला मुख्य तारांखाली तरफा, म्हणजे बारीक तारा, असतात. वर एखादा सूर वाजला की त्या सुराला लावलेली तरफच आपोआप झणकारते, बाकीच्या गप्प राहतात. रेणूंचं तसंच असतं. आपल्या घडणीला जुळणारा प्रकाश आला तरच रेणू तो शोषतो, नाहीतर प्रकाश आरपार निघून जातो. शोषला तरी काम झालंच असं नाही. काही रेणू घेतलेली ऊर्जा नुसती थरथरून उष्णतेच्या रूपात सोडून देतात आणि शाबूत राहतात. कार्बामाझेपिन या जातीचं आहे. डायक्लोफेनॅकचं उलट आहे. त्याच्यावर क्लोरीनचे दोन अणू आहेत. प्रकाश लागला की त्यातला एक निखळतो आणि रेणूतली दोन कडी एकमेकांना चिकटून वेगळाच पदार्थ तयार होतो.

हेच ते डायक्लोफेनॅक, ज्यानं आपली गिधाडं संपवत आणली. गिधाडांच्या पोटात ते पाण्यातून नव्हे, तर हे औषध दिलेल्या मेलेल्या गुरांच्या मांसातून गेलं. २००४ साली कारण सापडलं आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. उन्हापुढं हतबल असलेला एक रेणू गिधाडाच्या मूत्रपिंडाला मात्र भारी पडला.

मग घरचा दिवा काय करतो

प्रकाशाचा डोस मोजतात तो ऊन खाण्यासारखा, म्हणजे ऊन किती कडक आणि तुम्ही त्यात किती वेळ बसलात यांचा गुणाकार. एकक आहे मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. पुढं मी नुसतं मिलिज्यूल म्हणेन. पिण्याच्या पाण्यातले जंतू निकामी करायला ४० मिलिज्यूलचा डोस सर्वसाधारणपणे पुरेसा धरतात.

इतक्या कमी डोसमध्ये जंतू मरतात, कारण जंतूला मारायला तो तोडावा लागत नाही. आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत ४६ लाखांच्या आसपास अक्षरं असतात. अतिनील किरण त्यातली शेजारशेजारची काही अक्षरं एकमेकांना चिकटवतात. जाड पोथीची चार-सहा पानं डिंकानं चिकटली की पोथी तशीच राहते, पण तिची नक्कल उतरवता येत नाही. ज्या जंतूला आपली नक्कल काढता येत नाही, तो आपल्या दृष्टीनं मेलेलाच. लक्ष्य अवाढव्य आणि इजा किरकोळ पुरे, असा हा सौदा आहे.

औषधाचा रेणू म्हणजे पोथी नव्हे, एक सुटा शब्द. तो निकामी करायचा तर त्या एकट्याला गाठून नेमका तोडावा लागतो आणि असे अब्जावधी शब्द पाण्यात विखुरलेले असतात. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००८ साली हे मोजलं. शुद्ध पाण्यात ४० मिलिज्यूलचा डोस दिल्यावर डायक्लोफेनॅक २७ टक्के कमी झालं, सल्फामेथॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक १५ टक्के, आणि गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिलएस्ट्राडिओल ०.४ टक्के. या शेवटच्या नावाकडे पुन्हा यायचं आहे.

म्हणजे काकूंना उत्तर असं: तुमच्याच मलमातलं औषध पाण्यात असेल तर हा दिवा त्यातलं पावभर तोडेल, बाकीच्यांना बहुतेक हात लावणार नाही. फिल्टरमध्ये आरओ असेल तर त्याचा बारीक पडदा बरीच औषधं अडवतो हे खरं. पण तो ती संपवत नाही. बाजूच्या नळीतून मोरीत सोडून देतो. आणि पाणी उकळून औषध जात नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं, औषध तेवढंच राहतं.

भुकेला पाहुणा

डोस वाढवला तरी कार्बामाझेपिनसारखे चिवट रेणू दाद देत नाहीत. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली. प्रकाशानं औषध तुटत नसेल, तर ज्याला प्रकाशानं तोडता येतं असं काहीतरी पाण्यात घालायचं आणि त्याच्या तुकड्यांकरवी औषध तोडायचं.

ते काहीतरी म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुताना पांढरा फेस येतो ते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो, इथं दोन असतात आणि त्या दोघांमधला दुवा फार कच्चा असतो. अतिनील प्रकाश पडला की तो मधोमध तुटतो आणि दोन सारखे अर्धे तुकडे पडतात. या अर्ध्या तुकड्याला हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणतात. त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो आणि जोडी मिळवण्यासाठी तो समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास त्याचं आयुष्य. तेवढ्यात तो भेटेल त्या रेणूचा हायड्रोजन ओढून काढतो किंवा स्वतःच त्याला जाऊन चिकटतो. औषधाची ठेवण कशीही असो, याच्या तडाख्यातून सहसा सुटका नाही.

निवड न करणं हेच त्याचं बळ आणि तोच त्याचा दोष. दोन दिवसांचा उपाशी पाहुणा पंगतीत बसवलाय अशी कल्पना करा. त्यानं पानाच्या टोकाला ठेवलेला एकच काजू खावा अशी तुमची इच्छा आहे. पण समोर वाढलेला भात आहे, वरण आहे, भाजी आहे. तो पहिल्या घासापासून भातावर तुटून पडणार आणि काजूपर्यंत पोचायच्या आत त्याचं पोट भरणार. पाण्यात औषध असतं नॅनोग्रॅममध्ये. त्याच पाण्यात पानं कुजून, माती झिरपून आलेले सेंद्रिय पदार्थ असतात मिलिग्रॅममध्ये, म्हणजे लाखोपट जास्त. बोअरच्या जड पाण्यातले क्षार, ज्यांची बादलीवर पांढरी पुटं चढतात, तेही रॅडिकलना गिळतात. शिवाय पाणी गढूळ असेल तर प्रकाश दिव्याच्या नळीपासून बोटभर अंतरावरच अडतो.

या तंत्राबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर मी ही सांगेन: ते घाण पाणी स्वच्छ करत नाही, आधीच स्वच्छ केलेल्या पाण्यातली उरलीसुरली घाण काढतं. "नवा शोध, यूव्हीनं औषधांचं प्रदूषण ९९ टक्के नष्ट" अशा बातम्या येतात, तेव्हा प्रयोग कोणत्या पाण्यावर झाला ते मी आधी बघतो. बहुतेक वेळा डिस्टिल्ड वॉटर असतं. पंगतीत काजूच काजू वाढले, तर पाहुणा काजू खाणारच.

जिथं हे रोज चालतं

नेदरलँड्सच्या उत्तर भागात आन्डाइक नावाचं गाव आहे. तिथलं केंद्र आयसल सरोवराचं पाणी पिण्यायोग्य करतं. या सरोवरात ऱ्हाइन नदीचं पाणी येतं, म्हणजे स्वित्झर्लंड-जर्मनीतले कारखाने, शेतं आणि शहरं या सगळ्यांचं थोडं थोडं काहीतरी येतं. २००४ पासून तिथं दर लिटरमागं साधारण ६ मिलिग्रॅम पेरॉक्साइड मिसळून पाणी अतिनील दिव्यांमधून नेऊ लागले. डोस ५४० मिलिज्यूल, जंतू मारायच्या डोसच्या तेरापटीहून जास्त. मूळ रोख कीटकनाशकांवर होता, पण रॅडिकलला कीटकनाशक काय आणि औषध काय. पुढं पाणी कोळशाच्या थरातून जातं. न वापरलेलं पेरॉक्साइड बरंच उरतं, ते तिथं मोडतं, आणि तुटलेले तुकडेही कोळसा धरून ठेवतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीचं. मला ते जास्त धाडसी वाटतं, कारण तिथं कच्चा माल म्हणून चक्क सांडपाणी घेतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता २०२३ पासून दिवसाला सुमारे ४९ कोटी लिटर आहे. आधी बारीक गाळण, मग आरओ, आणि शेवटी पेरॉक्साइड घालून अतिनील दिवे. असं तयार झालेलं पाणी जमिनीत मुरवतात आणि ते विहिरींतून पुन्हा शहराला मिळतं.

आरओ झाल्यावर दिवे कशाला? काही रेणू इतके लहान असतात की आरओच्या पडद्यातूनही निसटतात. त्यातला एक म्हणजे एनडीएमए. कर्करोगाच्या संशयावरून २०२० साली अमेरिकेत अ‍ॅसिडिटीवरच्या रॅनिटिडिनच्या गोळ्या बाजारातून काढायला लावल्या, त्यामागं हाच पदार्थ होता. तो थेट प्रकाशानं तुटतो. दुसरा आहे डायऑक्सेन नावाचा द्रावक. त्याला प्रकाशानं काही होत नाही, त्याला रॅडिकलच लागतो. दोन चोरांसाठी दोन सापळे, पण दिवा एकच. आणि आरओमधून आलेलं पाणी इतकं निवळ असतं की पाहुण्यापुढं भात-वरण जवळजवळ नसतंच.

तुटलं म्हणजे संपलं का

इथं माझा सूर जरा सावध होतो. काचेचा पेला फुटला म्हणजे काच नाहीशी होत नाही. उलट पेला पायात रुतत नव्हता, तुकडे रुततात. औषधाचा रेणू पूर्णपणे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांपर्यंत जाळत न्यायला फार मोठा डोस लागतो. प्रत्यक्षात केंद्रं तिथपर्यंत जात नाहीत, परवडतही नाही. मूळ रेणू मोडला, यादीतलं नाव गायब झालं, की काम झालं असं धरतात.

बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. औषध काम करतं ते त्याच्या नेमक्या आकारामुळं. आकार बिघडला की किल्ली कुलपाला लागत नाही. शिवाय तुकडे सहसा जास्त ऑक्सिजन घेतलेले असतात, ते जिवाणूंना पचायला सोपे जातात. पण अपवाद आहेत. कार्बामाझेपिन प्रकाशानं तुटताना अ‍ॅक्रिडीन नावाचा पदार्थ बनू शकतो आणि तो मूळ औषधापेक्षा उपद्रवी आहे. जंतुनाशक साबणात वापरलेल्या ट्रायक्लोसानपासून उन्हात डायऑक्सिन या विषारी पदार्थांच्या कुळातला एक पदार्थ तयार होतो. म्हणून दिव्यांनंतर कोळशाचा किंवा वाळूचा थर ठेवणं ही चैन नव्हे, त्या यंत्रणेचा तो भागच आहे. पुढचा टप्पा न सांगता नुसता दिवा विकणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आपल्याकडं सूर्य फुकट आहे की!

हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच आणि तो चुकीचा नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्रायफेन सरोवरात नदीतून आलेलं डायक्लोफेनॅक सरोवराबाहेर पडेपर्यंत जवळजवळ नाहीसं होतं आणि ते काम मुख्यतः उन्हाचंच असतं, हे १९९८ मध्येच दिसलं होतं. तिथल्या उन्हात जमतं, तर विदर्भातल्या उन्हात का नाही जमणार?

जमतं, पण वरच्या थरात, स्वच्छ पाण्यात आणि फक्त प्रकाशाला भुलणाऱ्या औषधांसाठी. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हात २५४ नॅनोमीटरचा प्रकाश नसतोच. वातावरणातला ओझोन तो वरच अडवतो, नाहीतर आपलीही पानं चिकटली असती. पेरॉक्साइडला उन्हातला प्रकाश फारसा तोडत नाही. म्हणून सौर प्रयोगांत त्याच्या जोडीला लोखंडाचे क्षार घालतात किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची पूड वापरतात. ही पूड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच. या पदार्थावर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचं विघटन होऊ शकतं, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये दाखवलं. त्यानंतर पन्नास वर्षांत या पुडीवर संशोधनपत्रांचा डोंगर उभा राहिला. शहराचं पाणी त्यावर चालताना मात्र क्वचितच दिसतं. उन्हाचा जेमतेम ५ टक्के भाग तिच्या कामाचा असतो आणि पाण्यात मिसळलेली पूड पुन्हा गाळून काढणं ही वेगळी डोकेदुखी.

इतक्या थोड्या प्रमाणानं कुणाचं काय बिघडतं

माणसाचं पिण्याच्या पाण्यातून थेट काही बिघडण्याची शक्यता फार कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये आढावा घेऊन तेच म्हटलं होतं. एका गोळीइतकं औषध पोटात जायला त्या नॅनोग्रॅमवाल्या पाण्याचे लाखो लिटर प्यावे लागतील. घाबरून बाटलीबंद पाण्याकडं वळायचं काही कारण नाही.

मासा मात्र पाणी पीत नाही, तो पाण्यातच जगतो. कॅनडात ऑन्टारिओमध्ये प्रयोगांसाठी राखून ठेवलेली सरोवरं आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या सरोवरात २००१ पासून सलग तीन उन्हाळे इथिनिलएस्ट्राडिओल मिसळलं. लिटरला फक्त ५ ते ६ नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशांचे नर अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनवू लागले आणि काही वर्षांत त्या सरोवरातली ती जात जवळजवळ संपली. घरच्या दिव्याच्या डोसला ०.४ टक्के दाद देणारा रेणू, तो हाच.

दुसरी काळजी अँटिबायोटिकची, आणि ती आपल्या अंगणातली आहे. हैदराबादजवळ पटनचेरूला सुमारे ९० औषध उत्पादकांचं सांडपाणी घेणारं एक सामायिक केंद्र होतं. तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं, त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. मिलिग्रॅम, नॅनोग्रॅम नव्हे. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून हे जास्त होतं. दिवसाला सुमारे ४५ किलो औषध ओढ्यात जात होतं. अशा पाण्यात जे जिवाणू तगतात, ते औषधाला निर्ढावलेलेच असतात, आणि पुढं ते कुणाच्या अंगात जातील ते सांगता येत नाही.

हा आकडा वाचून कुणी म्हणेल, लावा तिथं दिवे. पण ते पाणी भात-वरण-भाजीनं तुडुंब भरलेलं. तिथं दिवा लावणं म्हणजे वीज जाळणं. तिथला उपाय कारखान्याच्या आतच आहे: अँटिबायोटिकवालं पाणी इतर पाण्यात मिसळायच्या आधी, थोडं आणि घट्ट असतानाच पकडायचं आणि आटवून किंवा जाळून संपवायचं. असं पाणी सोडण्यावर मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारनं जानेवारी २०२० मध्ये काढला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा अँटिबायोटिकच्या मर्यादा त्यातून गळल्या होत्या. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. तारापूरपासून लोटे-परशुरामपर्यंत औषधांचे कारखाने असलेल्या महाराष्ट्रानं ती वाचायला हरकत नाही.

खर्च कुणी करायचा

स्वित्झर्लंडनं २०१६ पासून देशातली सुमारे १०० सांडपाणी केंद्रं निवडून त्यांना असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के कमी करायला लावलं. त्यासाठी दर माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत पट्टी बसवली. गंमत म्हणजे त्यांनी तंत्र म्हणून अतिनील दिवे घेतलेच नाहीत. ओझोन आणि कोळसा घेतला. सांडपाण्यावर प्रक्रिया झाली तरी ते पिवळसर राहतं, त्यात प्रकाश शिरत नाही. ओझोन वायू मात्र गढूळपणाला तितकासा जुमानत नाही आणि विजेचं बिलही कमी येतं. युरोपीय महासंघाचा नवा नियम आणखी पुढं गेला. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या या नियमानुसार मोठ्या शहरांना हा जादा टप्पा २०४५ पर्यंत बसवायचा आहे आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी द्यायचा आहे. कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या आहेत.

आपलं चित्र वेगळं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या २,०२३ कोटी लिटरच्या आसपास पाण्यावर प्रत्यक्ष प्रक्रिया होते. जिथं चारातल्या तीन बादल्या तशाच नदीत जातात, तिथं चौथ्या बादलीला निळा दिवा लावायची घाई करू नये असं माझं मत आहे. अपवाद दोन. मोठ्या रुग्णालयांचं सांडपाणी, कारण तिथं पाणी थोडं आणि औषधं जास्त. आणि जिथं सांडपाणी पुन्हा पिण्यासाठी वापरायचा बेत आहे अशी शहरं. तिथं ऑरेंज काउंटीसारखी सगळी साखळी घ्यावी लागेल, मधली कडी गाळून चालणार नाही.

काकूंना यातलं निम्मं त्या दिवशी चहाबरोबर सांगितलं, निम्मं आज लिहितोय. त्यांचा पुढचा प्रश्न जुन्या गोळ्यांचा होता. डबाभर आहेत, टॉयलेटमध्ये टाकू का? नको. देशाच्या औषध नियामकानं २०२५ मध्ये १७ औषधांची एक यादी दिली आहे, तेवढीच फ्लश करायची. ती मुख्यतः अफूच्या जातीची जबर वेदनाशामकं आहेत. घरातल्या लेकराच्या हाती लागली तर जीव जाईल म्हणून. केरळनं त्याच वर्षी कोझिकोडपासून जुनी औषधं गोळा करायची योजना सुरू केली. तसं काही आपल्या भागात आहे का हे औषधवाल्याला विचारावं.

आणि जेल लावल्यावर हात लगेच नळाखाली धरू नका, आधी कागदाला पुसा आणि तो कागद कचऱ्यात टाका, असं सांगितलं. "एवढंच?" काकू म्हणाल्या. मग दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या, तेव्हा त्यांनीच विचारलं, "वर्तमानपत्राचा कागद चालतो ना?"